घुबडबाईंचा उपक्रम

२ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्त झाल्यावर आज पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून आत गेले. बाहेर पडले होते उपमुख्याध्यापिका म्हणून, आत गेले पाहुणी म्हणून. फाटकावर नाव लिहायला लावलं, कामाचं स्वरूप लिहायला लावलं. मी लिहिलं, "घुबड." पहारेकऱ्यानं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे एक अक्षर न विचारता आत सोडलं.

माझ्या खुर्चीवर, म्हणजे जी माझी व्हायला हवी होती त्या खुर्चीवर, धाकट्या बाई बसलेल्या. फळ्यावर सरळ ओळीत कसं लिहायचं हे मी शिकवलेली मुलगी, आता मुख्याध्यापिका. तोंडातून "अगं" निघून गेलं, मग "अहो" केलं, मग दोन्ही गिळून नुसतं "हं" म्हणाले. तिनं उठून स्वतःची खुर्ची मला दिली. हा तिचा जुना दुर्गुण. इतकी चांगली वागते की भांडायला जागाच ठेवत नाही.

काम असं की, जखमी पक्ष्यांच्या केंद्रात मी हल्ली जाते. आमचे हे म्हणतात, "पिंजरे धुवायला जाते." तर केंद्राच्या डॉक्टरांना शाळाशाळांतून घुबडांविषयी सांगणारं कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, मी आहे की. तीस वर्षं मुलांना ताब्यात ठेवलं, घुबडांचं ते काय. महिनाअखेर संस्थेचे अध्यक्ष बघायला येणार आहेत. त्यांना आवडलं तर उपक्रम कायमचा होईल, मला शाळेत एक खोली मिळेल आणि दारावर माझ्या नावाची पाटी लागेल. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. इथं लिहायला हरकत नाही, हे माझी दैनंदिनी वाचत नाहीत. वाचायला चष्मा शोधावा लागेल आणि तो मीच उचलून ठेवते.

आणि काय नशीब! सभागृहाच्या माळ्यावर खरंखुरं गव्हाणी घुबड राहतं. पांढरा चेहरा, बदामाच्या आकाराचा. भिंतीच्या झरोक्यातून ये-जा करतं. आपल्याच शाळेचं घुबड! याहून चांगलं काय हवं?

५ फेब्रुवारी, गुरुवार

पाचवीच्या दोन्ही तुकड्यांपुढे पहिलं भाषण. पडद्यावर चित्रं दाखवली. घुबड मान किती वळवतं, उडताना आवाज का होत नाही, शेतातले उंदीर किती खातं. मागच्या बाकावरचे दोघे माझ्यादेखत झोपले. घुबडांविषयीच्या व्याख्यानात मुलांनी दिवसा झोपावं यात एक प्रकारची आस्था आहे असं समजून मी पुढे गेले. घरट्याविषयीची चित्रं बाकी होती, ती वगळली. घरटं म्हणजे घरटं, त्यात काय सांगायचं?

मग पिशवीतून गोळे काढले आणि वर्ग जागा झाला. घुबड उंदीर अख्खा गिळतं, मग केस आणि हाडं यांचा गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतं. तो वाळलेला गोळा कोमट पाण्यात भिजवायचा, दातकोरणीनं आणि चिमट्यानं उकलायचा, आतली हाडं वेचून पुठ्ठ्यावर चिकटवायची. एकीला उंदराची कवटी मिळाली, दातांसकट. तिनं ती तळहातावर घेऊन सगळ्या वर्गाला दाखवली. किंचाळले सगळे, पण जागचं कुणी हललं नाही. तीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण असे डोळे कुणाचे झाले नव्हते. मला फार आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

जाताना दोन मुलं जिन्यात बोलत होती. "घुबडबाई भारी आहेत रे." हे नाव मला नवीन नाही. या मुलांच्या आईबापांनी ते मला माझ्या तोंडावरून दिलं होतं आणि मी वळले की गप्प व्हायचे. आता निदान ते कौतुकानं घेतलं जातं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

गोळे संपले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, केंद्रात एवढीच घुबडं आहेत, ती काय मागणीप्रमाणे ओकणार? माणूस विद्वान आहे, पण देताना हात आखडता. मग माळ्यावरच्या घुबडाची गोष्ट काढली तर लांबलचक सुरू झाले. हा काळ नाजूक असतो, बसलेलं असेल तर वर कुणालाही सोडू नका, आधी मला बघू द्या, वगैरे. दाराशी दूधवाला आला होता, म्हणून हो हो करून फोन ठेवला. "बसलेलं असेल तर" म्हणे! घुबड बसणार नाही तर काय येरझाऱ्या घालणार?

दुपारी मला एक कल्पना सुचली आणि अशी कल्पना धाकट्या बाईंना सात जन्मांत सुचली नसती. जो कुणी माळ्यावरून गोळा आणेल त्याला बिल्ला! पुठ्ठ्याचा, वर घुबडाचं तोंड, पिन लावलेली. मधल्या सुट्टीत दोघादोघांनी, चप्पल काढून, गुपचूप जायचं आणि खाली पडलेलं तेवढंच उचलायचं. शिस्त म्हणजे शिस्त.

धाकट्या बाई थोड्या घुटमळल्या. "डॉक्टरांना विचारलंत का?" मी म्हटलं, "सकाळीच बोलले त्यांच्याशी." हे अगदी खरं आहे. मग तिनं किल्ली दिली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अ तुकडी आणि ब तुकडी यांच्यात चुरस लागली आहे. सभागृहात टेबलं मांडली, वर पांढरा कागद, प्रत्येक गोळ्याखाली आणणाऱ्याचं नाव. अध्यक्षांसाठी प्रदर्शनच तयार होतं आहे. बिल्ले कापून माझ्या अंगठ्याला फोड आला. हे बसून पिना लावून देतात. म्हणाले, "इतके बिल्ले लष्करातसुद्धा देत नाहीत." मी लक्ष दिलं नाही.

एक गोष्ट कळली. घुबड मुलांना इतकं सरावलं आहे की जागचं हलतसुद्धा नाही. कोपऱ्यात पिसं फुलवून बसून राहतं, म्हणाली मुलं. मूळचं रानटी पाखरू, पण चांगल्या वळणाच्या मुलांचा सहवास मिळाला की फरक पडतोच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खाली पडलेले गोळे संपत आले असावेत. आज मुलांनी आणलेले ओलसर, काळपट, हातात घेताच भुगा होणारे. ब तुकडीत एक मुलगी आहे, केसांच्या दोन घट्ट वेण्या, बोलायला आवाज फुटत नाही. आजवर तिला एकही बिल्ला नव्हता. आज ती बिस्किटांचा मोठा डबा छातीशी धरून आली. आत काठोकाठ तो भुसा. केस, बारीक हाडं, एखादं पांढरं पीस.

"इतकं कुठं मिळालं गं?"

"कोपऱ्यात, बाई. ते बसतं ना, तिथलं. एकदम मऊ होतं. हातानं ओढून घेतलं."

"आणि घुबड?"

"ते आधी फिस्सऽऽ करून खूप ओरडलं. मग उडून तुळईवर बसलं."

मी सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं की ही त्याची ओळख दाखवायची पद्धत असते. मग त्या मुलीला सर्वांत मोठा बिल्ला दिला, सोनेरी कागदाचा, अध्यक्षांच्या दिवशी मी स्वतः लावणार होते तो. तिचा चेहरा असा झाला की मलाच भरून आलं. शिक्षकाचं आयुष्य सार्थकी लागतं ते अशा क्षणी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या अध्यक्ष. मी सुचवल्याप्रमाणे संगणकाच्या सरांनी बाहेरच्या शिडीवरून झरोक्यात हात घालून छोटा कॅमेरा बसवला. मोठ्या पडद्यावर आपलं घुबड सगळ्यांना घरबसल्या, म्हणजे सभागृहबसल्या दिसणार. सर उंचीला घाबरतात, डोळे मिटूनच बसवला म्हणाले. चित्र उद्या येईल.

हे म्हणाले, "आज एकदा बघून घे की काय दिसतं ते."

मी म्हटलं, "मला भाषण लिहायचंय. तुम्हाला काय, तुम्ही नुसते बसून."

"बसून तर तेही आहे," हे म्हणाले. यांना विनोद सुचायची वेळ काय, हे देवालाच ठाऊक.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिते.

सभागृह भरलं होतं. पालक, शिक्षक, पुढच्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्याशेजारी धाकट्या बाई, कडेला डॉक्टर. डॉक्टर आल्याबरोबर टेबलांपाशी गेले आणि हात मागे बांधून एकेक नाव वाचत राहिले. मला वाटलं, भारावले. वेणीवालीच्या डब्यापाशी बराच वेळ थांबले, त्यातली चिमूट उचलून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली.

भाषण उत्तम झालं. मग मी म्हटलं, "आणि आता, आपल्या शाळेचं घुबड!" सरांनी बटण दाबलं.

पडद्यावर लाकडी फळ्या आल्या. स्वच्छ, झाडून घेतल्यासारख्या. घुबड नव्हतं. फळ्यांवर चार अंडी होती. एक भिंतीला लागून, एक फटीत अडकलेलं, एक दूर घरंगळून चिरलेलं. चौथं उघड्यावर एकटंच.

"अंडी!" अध्यक्ष उभे राहून ओरडले. "टाळ्या! टाळ्या!" सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. मीही वाजवल्या, हे लिहून ठेवते. आपल्या माळ्यावर अंडी आहेत हे मला त्या क्षणाआधी माहीत नव्हतं, आणि पहिला विचार काय आला? पाटी थोडी मोठी करून घ्यावी.

अध्यक्ष माईकपाशी आले. हा उपक्रम आपल्या संस्थेच्या सगळ्या शाळांत सुरू करायचा, प्रत्येक मुलानं वर्षाला निदान एक गोळा आणलाच पाहिजे, असं जाहीर केलं. पुन्हा टाळ्या.

डॉक्टर मात्र जागचे उठून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "बाई, गव्हाणी घुबड काड्यांचं घरटं बांधत नाही. ते स्वतःचेच गोळे पायानं कुस्करतं, त्यांची गादी करतं आणि त्यावर अंडी घालतं. ती गादी कुठं आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

मी टेबलांकडे पाहिलं. गादी तिथं होती, पांढऱ्या कागदावर, नावांसकट, अ आणि ब अशा तुकड्या पाडून.

 न बोलता खाली बसता आलं असतं. डॉक्टर ओरडणारे नव्हते, अध्यक्षांना काही कळणारं नव्हतं, पाटी मिळाली असती. खरं सांगायचं तर मी खुर्चीकडे वळलेसुद्धा होते. पण अध्यक्ष पुन्हा म्हणाले, "सगळ्या शाळांत!" आणि मला एकेका माळ्यावर चप्पल काढून चढणारी शंभर शंभर पोरं दिसली, डबे घेऊन.

मी माईक अध्यक्षांच्या हातातून घेतला. ओढून घेतला म्हणतात, असेल. म्हटलं, "टाळ्या थांबवा. अंडी गार पडलीत. घुबड गेलंय. त्याच्या अंड्यांखालची गादी आम्ही काढून इथं मांडून ठेवलीय. मुलांनी नाही, मी काढवली. डॉक्टर वर जाऊ नका म्हणाले होते, मी ऐकलं नाही."

सभागृहात असा गलका झाला की मला पुन्हा फाटकावर नाव लिहिणाऱ्या पाहुणीसारखं परकं वाटलं. अध्यक्ष म्हणाले, बाईंचा काहीतरी गैरसमज होतोय. धाकट्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "किल्ली मी दिली होती." माझ्या चुकीतही हिला वाटा हवा! मी तिच्याकडे रागानं पाहिलं, आणि तिथंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात वेणीवाली उठली. टेबलापाशी गेली, डबा उचलला आणि माळ्याच्या जिन्याकडे पळत सुटली. डॉक्टरांनी तिला पायरीवर गाठलं. ती म्हणत होती, "परत ठेवते ना, परत ठेवते." पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

यांनी सकाळी न सांगता चहा करून दिला. साखर विसरले होते, मी प्यायले.

२ मार्च, सोमवार

डॉक्टर एकटेच वर जाऊन आले. अंडी काढून आणली, कॅमेरा काढला. मुलीच्या डब्यातला भुसा आणि टेबलांवरचे सगळे गोळे कोपऱ्यात पसरून ठेवले. म्हणाले, "कधी कधी दुसऱ्यांदा घालतात. कधी जागाच सोडतात." मी विचारलं, शक्यता किती? ते म्हणाले, "तुम्ही वर गेलात तर शून्य."

मग वर्गावर गेले. तीस वर्षांत वर्गाची भीती वाटली नव्हती, आज दाराबाहेर पदर तीनदा सारखा केला. मुलांना सांगितलं की तुम्ही काही वाईट केलं नाही, तुम्ही शिकवलेलं केलंत, शिकवणं वाईट होतं. सगळ्यांनी बिल्ले काढून बाकांवर ठेवलेले. हे मी सांगितलं नव्हतं.

वेणीवालीला वेगळं बोलावलं. म्हटलं, "तुझा दोष नाही गं."

ती म्हणाली, "ते ओरडलं तेव्हा मला कळलं होतं, बाई. पण तुम्ही म्हणालात, ओळख दाखवतं."

 

११ मार्च, बुधवार

अध्यक्षांच्या कचेरीतून निरोप. उपक्रम तूर्त स्थगित. खोलीत आता झेरॉक्सचं यंत्र ठेवणार आहेत.

तरी धाकट्या बाईंनी बुधवारचा तास मला ठेवला आहे. का, ते विचारायचा धीर झाला नाही. "आता मुलांना काय करायला देऊ?" मी विचारलं. ती म्हणाली, "काहीच नको." आधी वाटलं टोमणा आहे. मग लक्षात आलं, खरंच दुसरं काही देण्यासारखं नाही.

तेव्हा आजचा उपक्रम: वर न जाणं. मुलांना वाटलं होतं सोपं आहे. मधली सुट्टी संपेपर्यंत निम्मा वर्ग जिन्याकडे बघून बघून कासावीस. आपणहून त्यांनी पाळ्या लावल्या, दोघांनी खालच्या पायरीवर बसायचं आणि कुणालाही वर सोडायचं नाही. धाकट्या बाईंनी विचारलं, अहवालात "साहित्य" या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, लिही, पायरी. "लिहा" म्हणायचं राहिलं. तिनं लिहिलं.

३० मार्च, सोमवार

आज माझा अपमान झाला आहे.

इतके दिवस मी त्या जिन्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण माणूस आहे मी, आणि त्या घुबडाला सर्वांत जास्त नुकसान कुणी पोचवलं असेल तर मी, तेव्हा त्याची विचारपूस करायचा पहिला हक्क कुणाचा? धाकट्या बाई बैठकीला गेल्या होत्या. किल्ली कुठं टांगलेली असते हे मला पाठ आहे. फक्त दाराच्या फटीतून बघणार होते, एक डोळा, एक क्षण.

खालच्या पायरीवर वेणीवाली आणि अ तुकडीतला एक बुटका बसलेले. चप्पल काढून, गुडघ्यांना हात घालून. मला बघून दोघेही उभे राहिले, पण बाजूला झाले नाहीत.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "माझी शाल वर राहिलीय."

"तुम्ही वर कधी गेलाच नाहीत, बाई," बुटका म्हणाला.

हे खरं आहे. पण हे बोलायची पद्धत झाली का?

"अरे, नियम मी केलाय!" माझा आवाज जरा चढला. "तीस वर्षं या शाळेत..."

तर ती वेणीवाली, जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता ती, ओठांवर बोट ठेवून मला म्हणते, "बाई, हळू बोला ना."

मला! आणि शिवाय दोघेही एकमेकांकडे बघून हसले. थट्टेनं नाही, कसलं तरी गुपित असल्यासारखे. मी किल्ली परत टांगली आणि तडक घरी आले.

यांना सगळं सांगितलं. वाटलं, निदान हे तरी माझी बाजू घेतील. "रिकाम्या माळ्यापुढे मला कुजबुजायला लावतात," मी म्हटलं, "कुणाची झोपमोड होणार आहे तिथं?" यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काय झालं विचारलं तर सांगत नाहीत. उठून माझ्यासाठी चहा टाकला आहे आणि अजून हसताहेत.

उद्या धाकट्या बाईंना स्पष्ट विचारणार आहे, या मुलांना असं वागायला शिकवलं तरी कुणी?